कर बदलला की पैसा कुठून कुठे जातो? दुकानाच्या गल्ल्यापासून दिल्लीच्या तिजोरीपर्यंत



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण केंद्र सरकारच्या करबदलांवर बोललो. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे सगळं सावकाश, उदाहरणांसकट लिहिते आहे. वही-पेन घेऊन बसा. कॅल्क्युलेटर पण लागेल.

"कर कमी झाला" अशी बातमी आली की आपण लगेच खूश होतो, आणि "कर वाढला" म्हटलं की कपाळाला हात लावतो. धंदेवाल्याने इथेच थांबून चालत नाही. प्रत्येक करबदलाला दोन टोकं असतात. एक टोक आपल्या गल्ल्यात, दुसरं सरकारच्या तिजोरीत. एकीकडे दोरी ओढली की दुसरीकडे हलणारच. दोन्ही टोकं बघायची सवय लागली की पुढचा बदल काय घेऊन येईल याचा अंदाज आपला आपल्याला बांधता येतो.

चला, सुरू करूया.

१. आधी हे समजून घ्या: कर बदलतो कोण?

राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. म्हणजे कोणाच्या मनात आलं म्हणून कर लागत नाही. पण रस्ते दोन आहेत.

आयकर बदलायचा असेल तर केंद्र सरकार अर्थसंकल्पासोबत वित्त विधेयक आणतं आणि संसद ते मंजूर करते. हा पूर्णपणे केंद्राचा विषय.

जीएसटीचं तसं नाही. तिथे जीएसटी परिषद शिफारस करते. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात. हिशेब करून बघा: केंद्राला सोडून राज्यं काही करू शकत नाहीत, आणि राज्यांना सोडून केंद्रही काही करू शकत नाही.

धंद्याच्या दृष्टीने फरक काय? आयकराचा बदल बहुतेक वेळा फेब्रुवारीत कळतो आणि एप्रिलपासून लागतो, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. जीएसटीचा बदल वर्षात कधीही येऊ शकतो. ३ सप्टेंबर २०२५ ला परिषदेची ५६वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू. मध्ये तीन आठवडेसुद्धा नाहीत, आणि तेही दिवाळीचा माल भरायच्या दिवसांत!

२. आयकराचा बदल: १२ लाखांचं गणित

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नव्या करप्रणालीचे टप्पे बदलले. ते असे:

- ४ लाखांपर्यंत: शून्य
- ४ ते ८ लाख: ५ टक्के
- ८ ते १२ लाख: १० टक्के
- १२ ते १६ लाख: १५ टक्के
- १६ ते २० लाख: २० टक्के
- २० ते २४ लाख: २५ टक्के
- २४ लाखांच्या वर: ३० टक्के

१२ लाख उत्पन्नावर या टप्प्यांनी कर येतो ६०,००० रुपये. मग शून्य कसा होतो? कारण तेवढीच, म्हणजे ६०,००० पर्यंतची सूट निवासी व्यक्तीला कायद्याने दिली आहे. आदल्या वर्षी नव्या प्रणालीत याच उत्पन्नावर ८०,००० रुपये कर लागत होता, वर ४ टक्के उपकर. म्हणजे १२ लाख नफा कमावणाऱ्या दुकानदाराचे वर्षाला ८०,००० हून जास्त वाचले. महिन्याचे साधारण सहा-सात हजार. लहान दुकानात एका अर्धवेळ मुलाचा पगार निघतो त्यात.

पण इथे चार खाचखळगे आहेत. माझ्या बॅचमध्ये दर वेळी यावरच प्रश्न येतात.

पहिला: साडेबारा-पावणेतेरा लाखांपर्यंत माफ, असं ऐकून दुकानदार खूश होतात. १२.७५ लाखांचा आकडा पगारदारांचा आहे, कारण त्यांना ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. धंद्याच्या उत्पन्नाला ती नाही. आपली रेघ १२ लाखांवरच.

दुसरा: १२ लाखांच्या वर एक रुपया गेला की सगळा ६०,००० कर भरायचा का? नाही. उत्पन्न १२,१०,००० असेल तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो. पण १२ लाखांवर तुम्ही जास्तीचे कमावले फक्त १०,०००, म्हणून कर १०,००० वर थांबतो. त्यावर उपकर धरून १०,४००. त्यामुळे "नफा १२ च्या आत दाखवा" म्हणून खोटी बिलं जोडायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा आणि पुढे चला.

तिसरा: ही सूट व्यक्तीला आहे. भागीदारी फर्म किंवा एलएलपी असेल तर तिच्या नफ्यावर सरळ ३० टक्के आणि उपकर. दोघा भावांचं दुकान फर्मच्या नावावर असेल तर "१२ लाख माफ" ही बातमी त्या फर्मसाठी नव्हतीच.

चौथा: शून्य कर म्हणजे शून्य रिटर्न नव्हे. ४ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर रिटर्न भरायचंच. उद्या मुद्रा कर्ज किंवा कॅश क्रेडिट मागायला गेलात की बँक पहिली तीच फाईल मागते.

ज्यांची उलाढाल २ कोटींच्या आत आहे (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी), त्यांना अंदाजित नफ्याची योजना वापरता येते. डिजिटल जमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. उलाढाल दीड कोटी, त्यातले ९० लाख यूपीआय-बँकेतून आणि ६० लाख रोख, असं धरा. ५.४ लाख अधिक ४.८ लाख, एकूण १०.२ लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. लक्षात ठेवा, हे किमान टक्के आहेत. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जुन्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे. कलमांचे नंबर बदलले, "मागील वर्ष" आणि "कर निर्धारण वर्ष" या दोन शब्दांचा गोंधळ जाऊन एकच "कर वर्ष" आलं. टप्प्यांचा विचार मात्र हाच.

३. जीएसटीचा बदल: स्वस्त झालेला जुना माल

२२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले. मुख्य दर राहिले ५ आणि १८, आणि चैनीच्या व काही घातक वस्तूंसाठी ४०. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, अंगाचा साबण १८ वरून ५ वर आले. तूप, लोणी, फरसाण १२ वरून ५ वर. एसी, सिमेंट २८ वरून १८ वर. वह्या, पेन्सिली शून्यावर.

ग्राहकाला आनंद झाला. दुकानदाराला? तो कोणत्या प्रकारात नोंदलेला आहे, यावर सगळं अवलंबून होतं. एक उदाहरण करू.

समजा २१ सप्टेंबरच्या रात्री दोन दुकानदारांकडे प्रत्येकी १ लाखाचा शाम्पू-साबणाचा माल आहे. दोघांनी खरेदीवर १८,००० जीएसटी भरला. एकूण गुंतवणूक १,१८,०००.

पहिला दुकानदार नियमित जीएसटीत आहे. त्याचे १८,००० क्रेडिट लेजरमध्ये जमा आहेत. तो माल १,१०,००० ला विकतो, त्यावर ५ टक्के म्हणजे ५,५०० कर येतो. तो क्रेडिटमधून वळता होतो. उरले १२,५००. हे बुडाले नाहीत, लेजरमध्ये आहेत आणि १८ टक्क्यांच्या दुसऱ्या मालाच्या करात वापरता येतात. पण तोपर्यंत अडकले! अशा वेळी, तोच माल घेऊन तोच विकणाऱ्याला या उरलेल्या क्रेडिटचा परतावा रोख मिळत नाही. म्हणजे नुकसान नाही, पण हातातलं भांडवल कमी.

दुसरा दुकानदार कंपोझिशनमध्ये आहे. उलाढालीवर १ टक्का भरतो, क्रेडिट घेत नाही. त्याचे १८,००० मालाच्या किमतीतच मुरलेले. आता शेजारच्या दुकानात तोच माल नव्या दराने १,०५,००० ला येतोय आणि ग्राहक नव्या भावाने मागतोय. याच्या मालाची किंमत एका रात्रीत १३,००० ने उतरली. कंपनीने किंवा डिस्ट्रिब्युटरने फरक भरून दिला तर ठीक, नाहीतर पदरचे गेले.

म्हणून कंपोझिशनवाल्यांनी आणि नोंदणी नसलेल्यांनी एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा: जीएसटी परिषदेच्या बैठकीची तारीख जाहीर झाली की जास्त कराच्या वस्तूंचा साठा पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरायचा नाही. स्कीममध्ये एक पेटी फुकट मिळत असली तरी.

आता "शून्य" दराचा विषय. ऐकायला सगळ्यात गोड, आणि गैरसमजही याच्यावरच सगळ्यात जास्त. वह्या १२ वरून शून्यावर आल्या. दुकानात ५०,००० च्या वह्या पडून होत्या आणि त्यावर ६,००० क्रेडिट घेतलेलं होतं. माल करमुक्त झाला की त्याच्यावरचं क्रेडिट परत करावं लागतं. शिवाय दुकानाचं भाडं, पॅकिंग, जाहिरात यांवर भरलेल्या जीएसटीचंही करमुक्त विक्रीच्या प्रमाणात क्रेडिट मिळत नाही. ५ टक्क्यांच्या वस्तूत क्रेडिटची साखळी चालू राहते, शून्यावर ती तुटते. भाव ठरवताना हा खर्च धरायचा.

आणि एक छोटा नियम. बदलाच्या तारखेच्या आसपास व्यवहार झाला तर कोणता दर? माल दिला कधी, बिल केलं कधी, पैसे आले कधी, या तीन तारखा बघा. तीनपैकी दोन ज्या बाजूला, दर साधारणपणे त्या बाजूचा. वस्तूंच्या अ‍ॅडव्हान्सचे नियम जरा वेगळे आहेत, मोठा व्यवहार असेल तर सीएला विचारूनच बिल करा.

४. दर तोच, वेळ बदलली

काही बदलांत दर हलतच नाही, तरी धंदा हलतो. १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या कर निर्धारण वर्षापासून आयकरात असा एक नियम आला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर त्याचे पैसे लेखी करार असल्यास त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटली आणि ३१ मार्चलाही बाकी राहिलीच, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळेल.

२ लाखांचं बिल असं लटकलं तर ३० टक्के कर भरणाऱ्या फर्मला त्या वर्षी ६०,००० आणि उपकर जास्त. पुढच्या वर्षी वजावट मिळते, पण आज खिशातून गेले ना?

नवउद्योजकांना हे का सांगते? कारण तुम्ही उत्पादन किंवा सेवा देत असाल तर हा नियम तुमच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी करा आणि तो नंबर बिलावर ठळक छापा. समोरच्याच्या अकाउंटंटला मार्चमध्ये तो बरोबर दिसतो! निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही.

५. आता दुसरं टोक: सरकारची तिजोरी

आपण वाचवलेला रुपया सरकारकडे गेला नाही. मग तिथे काय होतं?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च होता ५०.६५ लाख कोटी. राज्यांचा वाटा देऊन केंद्राकडे उरणारं करउत्पन्न २८.३७ लाख कोटी. इतर जमा धरूनही मोठी तूट राहते, आणि ती कर्जातून भागते. सरकारच्या एका रुपयात २४ पैसे कर्जाचे, २२ पैसे आयकराचे, १८ पैसे जीएसटी व इतर करांचे, १७ पैसे कंपनी कराचे. खर्चाच्या रुपयातले २२ पैसे राज्यांच्या वाट्याला आणि २० पैसे व्याजात जातात.

१२ लाखांच्या सवलतीमुळे साधारण १ लाख कोटींचा प्रत्यक्ष कर सोडावा लागेल, असं अर्थमंत्र्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. जीएसटी दरकपातीचा अंदाज होता वर्षाला सुमारे ४८,००० कोटी. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये जुन्या कंपन्यांचा मूळ दर, त्यांनी इतर सवलती सोडल्या तर, २२ टक्क्यांवर आणला, तेव्हाचा सरकारचा अंदाज होता १.४५ लाख कोटी.

घरात पगार कमी झाला तर आपण काय करतो? सरकारपुढेही तेच चार रस्ते असतात.

खर्च कमी करणं. योजना, अनुदानं, कामं पुढे ढकलणं. सरकारी कंत्राटावर जगणाऱ्या लहान धंद्यांनी हा रस्ता कायम डोळ्यासमोर ठेवावा.

कर्ज वाढवणं. त्याचं व्याज पुढच्या वर्षांच्या करातूनच जातं. वीस पैसे आधीच व्याजाला जातायत, हे विसरू नका.

दुसरीकडून कर घेणं. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे उत्पन्न आटलं तेव्हा केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. आपल्याला ते टेम्पोच्या भाड्यात भेटतं.

उलाढाल वाढेल अशी आशा. "कर कमी, खप जास्त, शेवटी वसुली तेवढीच," असं म्हणतात. गणित करून बघा. १८ वरून ५ वर आलेल्या वस्तूवर तेवढाच कर मिळवायचा तर विक्री ३.६ पट व्हायला हवी. २८ वरून १८ ला सुमारे ५६ टक्के वाढ हवी. शाम्पू स्वस्त झाला म्हणून कोणी दिवसातून तीनदा केस धूत नाही! पण वाचलेले पैसे ग्राहक दुसरीकडे खर्च करतो, तिथे कर मिळतो, आणि एसी-दुचाकीसारख्या वस्तूंचा खप खरंच वाढू शकतो. म्हणजे भरपाई होते, पण "पी हळद आणि हो गोरी" इतकी सोपी नाही.

६. राज्याचं काय?

हा भाग बहुतेक लोक सोडून देतात. राज्यात विकलेल्या वस्तूवरचा १०० रुपये जीएसटी घ्या. ५० एसजीएसटी, सरळ राज्याचे. ५० सीजीएसटी, केंद्राचे. पण वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे वाटपयोग्य केंद्रीय करांचे ४१ टक्के राज्यांना जातात. ५० चे ४१ टक्के म्हणजे २०.५०. म्हणजे जीएसटीत १०० रुपयांची घट झाली तर साधारण ७०.५० रुपयांचा भार सगळ्या राज्यांवर मिळून पडतो आणि २९.५० चा केंद्रावर. दर कमी करायची वेळ आली की राज्यांचे अर्थमंत्री भरपाईचा विषय का काढतात, ते आता कळलं ना?

त्या ४१ टक्क्यांच्या वाटपात २०२१ ते २०२६ साठी महाराष्ट्राचा हिस्सा होता ६.३१७ टक्के आणि गोव्याचा ०.३८६. आणि उपकर-अधिभार या वाटपात येतच नाहीत. म्हणून केंद्राने दर वाढवला की उपकर वाढवला, हे बातमीत नीट वाचा. उपकराचा पैसा दिल्लीतच राहतो.

जकात आणि एलबीटी गेल्यापासून आपल्या महापालिकांना राज्य सरकार जीएसटीची नुकसानभरपाई देतं. म्हणजे दुकानासमोरचा रस्ता, गटार, दिवाबत्ती हे सगळं या साखळीच्या शेवटच्या कडीला लटकलेलं आहे. कर कमी होणं वाईट नाही. पण तो पैसा आकाशातून आला नाही, एवढं ध्यानात असावं.

७. पुढचा बदल आला की हे सहा प्रश्न विचारा

१. हा बदल मला लागू आहे का? व्यक्ती, फर्म, कंपनी, कंपोझिशन, यांपैकी मी कोण?
२. तारीख कोणती? त्या तारखेला माझ्याकडे किती साठा, किती ऑर्डरी, किती उधारी असेल?
३. दर बदलला, मर्यादा बदलली की वेळ?
४. क्रेडिट वाढतं, अडकतं की जातं?
५. हातातल्या रोखीवर पुढच्या तीन महिन्यांत काय परिणाम?
६. सरकारला यात कमी पडलेला पैसा कुठून येईल, आणि तो माझ्या ग्राहकाच्या खिशातून येणार आहे का?

सहावा प्रश्न धंद्याची दिशा दाखवतो. मध्यमवर्गाच्या हातात पैसा राहणार असेल तर दुकानात कोणता माल ठेवायचा, हे त्याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

गृहपाठ

आपल्या दुकानातल्या किंवा सुरू करायच्या धंद्यातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या दहा वस्तू लिहा. प्रत्येकीसमोर तीन रकाने: आधीचा दर, आताचा दर, आणि आज रात्री दर ५ टक्क्यांवर आला तर साठ्यात अडकणारी किंवा बुडणारी रक्कम. शेवटी बेरीज मारा. जो आकडा येईल तेवढी रक्कम धंद्यात हाताशी असायला हवी. नसेल तर साठा कमी करा, हाच त्याचा अर्थ.

तुमच्या स्वतःच्या प्रकरणात निर्णय घेण्याआधी सीएशी बोला, कारण प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी. पण त्यांच्याकडे जाताना हे सहा प्रश्न लिहून न्या. अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत होईल, आणि तुम्हाला विषय कळतो हे समोरच्यालाही कळेल.

पुढच्या व्हिडिओत आपण कंपोझिशन घ्यायचं की नियमित जीएसटी, यावर तीन वेगवेगळ्या दुकानांचे हिशेब मांडून बघणार आहोत. तोपर्यंत गृहपाठाची वही तयार ठेवा. धंदा करा, आणि हिशेबाने करा!